पाटोडीचा रविवार

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून आमचे हे आठवडाभर भाकरी, फिकं वरण आणि काकडीवर राहायचे. सूट फक्त रविवारी दुपारी. तेव्हा पाटोडीचा झणझणीत रस्सा, वर बोटभर तर्री. गुरुवारपासूनच विचारायचे, "बेसन हाये ना घरात?" मी चिडायची. माणसानं जिभेसाठी इतकं काय झुरावं!

वजन उतरलं. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी कौतुक केलं. मग रविवारचीही पाटोडी ताटात उरू लागली आणि वजन उतरतच राहिलं. तपासण्या झाल्या, दवाखाना झाला. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या. आता आवडेल ते खाऊ द्या."

घरी आणलं त्याच दिवशी मी पाटोड्या थापल्या. बुधवार होता. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"आज काऊन केल्या? रविवारी करजो."

रविवारी घरात सुतक होतं, गॅस पेटवायचा नव्हता. शेजारीण गरम पिठलं-भात घेऊन आली. बेसनाचा वास आला आणि मी त्या बिचारीवरच ओरडले.