कोपरच्या हॉलमधले चार डाग

सुरुवातीलाच सांगते. भूतखेत, अंगात येणं, सावल्या दिसणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. माझं काम दगडाचं. डोंबिवली पूर्वेला आमचं फरशीचं दुकान आहे. विकणं आणि बसवणं नवऱ्याकडे, बसवलेल्या दगडावरचे डाग काढणं माझ्याकडे. लग्नाआधी कल्याणच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहाय्यक होते, त्यामुळे कुठल्या डागाला कुठलं रसायन हे मला पाठ आहे. कडाप्प्याच्या ओट्यावर बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे क्षार बसतात, त्यांचं औषध वेगळं. सिलिंडरच्या बुडाचा गंज फरशीत उतरतो, त्याचं वेगळं. प्रत्येक कामाची वहीत नोंद असते – दगड कोणता, डाग कसला, कशामुळे पडला, काय लावलं, निघाला का. ‘कशामुळे’ हा रकाना भरल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. मूळ कारण तसंच राहिलं तर डाग परत येतो. साधी गोष्ट आहे.

१९९३ सालची थंडी. कोपरला, खाडीच्या बाजूला, एका कोळी कुटुंबाचं बैठं घर. बोलावणारी रंजना, वय पस्तिशीच्या आसपास. सासू वारल्यावर त्यांनी हॉलमधली जुनी शहाबादी फरशी खणून काढली होती आणि पांढराशुभ्र संगमरवर बसवला होता. दगड आमच्याच दुकानातला, म्हणून मला जास्तच काळजी.

खिडकीलगतच्या भिंतीजवळ चार डाग होते. तांबूस, गंजाचे. तीन गोल, आठ आण्याच्या नाण्याएवढे. चौथा चौकोनी, तळहाताएवढा. रंजनाने त्यांच्यावर लिंबू घासलं होतं, त्यामुळे आजूबाजूचं पॉलिश उडालेलं.

“संगमरवराला आंबट लावायचं नाही,” मी म्हटलं. “दगड खातं ते.”

“मना काय ठाऊक? तांब्याला चालतं, म्हटलं याला पण चालंल.”

“या फरशीवर लोखंडाचं काय ठेवलं होतं?”

“काहीच नाय ताई. फरशी बसून दोन महिने झाले. सोफा हाय तो लाकडी, तो पण तिकडं.”

टेपने चार डागांमधली अंतरं मोजली, ती माझी सवय. लांबी सहा फूट, रुंदी पावणेतीन फूट, कोपरे काटकोनात. वहीत लिहून ठेवलं.

मग रंजना खालच्या आवाजात म्हणाली, “हे जायलाच पायजेत. भावकीत बोलायला लागलेत. मी हॉलमध्ये पाय ठेवत नाय आता. नवऱ्याला सांगितलंय, नाय गेले तर घर विकू, मी इथं राहायची नाय.”

भावकी काय बोलते ते मी विचारलं नाही. माझा विषय दगड.

कपडे रंगवायच्या कारखान्यात ‘हायड्रो’ नावाची पावडर वापरतात. गंजावर ती चांगली चालते आणि संगमरवराला अॅसिडसारखी खात नाही. खडूच्या भुकटीत कालवून लेप दिला, वर प्लॅस्टिक, कडांना चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी लाकडी पट्टीने लेप खरवडला. चारही जागा स्वच्छ. उडालेलं पॉलिशसुद्धा करून दिलं. ‘कशामुळे’च्या रकान्यात लिहिलं – दगडातलंच लोह असावं. असं कधीकधी असतं.

आठव्या दिवशी रंजनाचा निरोप. डाग परत आले होते. त्याच जागी, तेवढेच. चौकोनी होता तिथे चौकोनीच.

आता मी नीट कामाला लागले. त्या भिंतीत पाण्याचा पाइप नव्हता. छताला ओल नव्हती. मिस्त्रीला बोलावून डागाची एक फरशी उचकटली – पाठीमागून पांढरी, खालचा सिमेंटचा माल पांढरा, कोरडा, कुठे खिळा नाही की सळई नाही. डाग वरूनच आत गेलेला, वरून काहीतरी ठेवल्यासारखा. तिथे वेगळ्या लॉटमधली नवी फरशी बसवली, बाकीच्या तीन डागांना पुन्हा लेप दिला. दहा दिवसांनी गेले तर त्या नव्याकोऱ्या फरशीवरही गोल डाग, आणि बाकीचे तीन होते तिथे.

त्या दिवशी रंजनाची नणंद आलेली होती. हिराबाई. दारातच उभी राहून माझ्याकडे बघत होती.

“तुमी किती पण घासा,” ती म्हणाली. “आयची खाट होती तिथं. तेराव्याच्या आधीच हिनं भंगारात घातली. आय आता जागा दाखवतंय.”

रंजना आतल्या उंबऱ्यावर मान खाली घालून बसली होती. “तीन वर्षं त्या खाटेवर आय पडून होती,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “रिकामी खाट मना बघवंना. म्हणून दिली. दुसरं काय कारण नव्हतं.”

“बघवंना म्हणे. सुटले म्हणून दिलीस.”

मी वही उघडली. तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. मी फरशीवर काय होतं ते विचारलं होतं. फरशी यायच्या आधी त्या जागेवर काय होतं, ते विचारलंच नव्हतं.

“हिराबाई, खाट लोखंडी होती?”

“व्हय. पाइपाची.”

“सहा फूट, पावणेतीन फूट?”

“तेवढीच असंल.”

“मग तीन पाय गोल आणि एक चौकोनी का होता?”

हिराबाई दारातून आत आली. “चारी गोल होते. असा कसा एक चौकोनी?”

मी चौथ्या डागाकडे बोट दाखवलं. रंजना उठून तिथे आली. महिन्याभरात पहिल्यांदाच ती त्या भागात आली असावी.

“पत्ती,” ती म्हणाली. “होडीची जुनी लोखंडी पत्ती मी ठेवलेली पायाखाली. तो पाय आखूड होता ना. आयला कूस बदलायला लावली की खाट डुगडुगायची, तिची कंबर दुखायची. म्हणून मागच्या अंगणातनं पत्ती आणली न् घातली.”

“मना कधी दिसली नाय,” हिराबाई म्हणाली.

“वरनं चादर असायची. न् तू वाकून कधी बघितलंस?”

हे रंजना भांडायच्या सुरात म्हणाली नाही. हिराबाई तिथेच जमिनीवर बसली आणि चौकोनी डागावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. मी पिशवीतून डबे काढायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना.

लेप कालवून झाला तेव्हा हिराबाई म्हणाली, “ताई, गोल तेवढे काढा. ह्यो राहू दे.”

मी रंजनाकडे बघितलं. घर तिचं. तिने मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेली.

तीन डाग काढले. ते परत आले नाहीत. आठ दिवसांनी जाऊन बघितलं, महिन्याने बघितलं, गणपतीत मुद्दाम वाट वाकडी करून बघितलं. चौकोनी तसाच होता, वाढला नाही, फिका झाला नाही. घर विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. गेल्या वर्षी त्यांच्याच ओट्याचे क्षार काढायला गेले होते, तेव्हा हिराबाई हॉलमध्ये त्या डागाशेजारी बसून मटार सोलत होती आणि रंजनाला सांगत होती, “पाय नको देऊस त्याच्यावर.”

“मी कशाला देतंय,” रंजना म्हणाली. “तूच मघाशी टोपली ठेवलीस.”

दगडातलं लोह म्हणावं तर दुसऱ्या लॉटची फरशी तशीच कशी डागळली? कोणी खोडी काढली म्हणावं तर पत्ती फक्त रंजनाला माहीत, आणि तिला तर ते डाग नकोच होते. जुन्या फरशीचा गंज खालून झिरपला म्हणावं तर खालचा माल कोरडा होता, मी स्वतः हात लावून बघितला. दोन-तीन जाणकारांना विचारलं. त्यांनीही हीच तीन कारणं काढली, चौथं कोणाकडे नव्हतं.

वहीत पहिला प्रश्न मात्र मी बदलला आहे. आता कुठल्याही घरी गेले की आधी विचारते, ही फरशी बसायच्या आधी इथे काय होतं. लोक जरा चमकून बघतात. अजून तरी त्या उत्तराचा पुन्हा कधी उपयोग झालेला नाही. तरी मी विचारते, आणि सांगतील ते लिहून घेते.