बाल्बिना चालवत होती तोवर

बाल्बिना,

नगरपालिकेला अँचोवी मासळीच्या कारखान्यातल्या बायकांवर पुस्तक काढायचंय. एकेका बाईला दोन पानं. तुझी दोन पानं माझ्या गळ्यात पडली, कारण तुझ्याशी चाळीस वर्षं भांडूनही जिची मैत्री टिकली अशी आपल्या सांतोन्या गावात मी एकटीच उरले. दोनदा सुरुवात केली. "बाल्बिना रेवुएल्ता यांचा जन्म १९४६ साली..." इथवर आले आणि कागद फाडला. तुझ्याबद्दल तुझ्या पाठीमागे बोलायचं मला तू असताना जमलं नाही, आता तू जाऊन वर्ष झालं तरी जमत नाही. म्हणून तुलाच लिहिते. ज्यांना वाचायचंय त्यांनी खांद्यावरून डोकावून वाचावं.

चौदाव्या वर्षी तू कारखान्यात गेलीस. मी तेव्हा वल्लादोलिदच्या कॉलेजात जायची स्वप्नं बघत होते आणि तू मिठात मुरलेल्या मासळीचं कातडं चोळून काढत होतीस. कातडं काढायचं, कात्रीनं शेपटी आणि पंख उडवायचे, दोन फाका वेगळ्या करायच्या, काटा ओढायचा, डब्यात थर लावायचा. दिवसभर तेच. नव्या पोरी काटा शोधायला मासळी दिव्याखाली धरायच्या, तर तू ओरडायचीस, "डोळ्यांनी काय बघतेस गं? बोटांनी बघ!" तू स्वतः खिडकीबाहेर बघत, गप्पा मारत काम करायचीस आणि तुझ्या डब्यात काटा कधी निघाला नाही. पुढे जे झालं त्याची सुरुवात मला तिथे दिसते. तू सगळं आयुष्य बोटांनी आणि सवयीनं बघितलंस. डोळे कधी गेले हे तुला कळणार कसं?

लायसन्स तू एकतिसाव्या वर्षी काढलंस. बायकोला नवऱ्याची परवानगी लागायची ते दिवस नुकतेच संपले होते. फेर्मीन बोटीवरून आला की बारमध्ये सगळ्यांना ऐकवायचा, "आमची बायको गाडी शिकतेय. लेकरांना घरात ठेवा." तू एक दिवस दारातून आत येऊन म्हणालीस, "लेकरांचं राहू दे. तूच घरी चल, पायावर नीट उभा राहता येत नाहीये तुला." आणि त्याला गाडीत घालून नेलंस. कारखान्याच्या मजल्यावर तीस बायका होत्या, गाडी चालवणारी तू पहिली. मग काय, सगळ्यांच्या कळा तुझ्या गाडीत. सांतांदेरच्या इस्पितळापर्यंत तू किती बाळंतिणी नेल्यास हे तुलाही आठवत नव्हतं. तुझ्याच मजल्यावरच्या विसीची धाकटी लेक वाटेत एका वळणावर जवळजवळ झालीच होती. विसी पुढे आयुष्यभर त्या वळणावर छातीवर क्रूसाची खूण करायची. फेर्मीन गेला, कारखान्यानं निवृत्त केलं, लेक लोग्रोन्योला गेली, पण ती निळी गाडी होती तोवर तू कुणाची विधवा, कुणाची म्हातारी आई झाली नाहीस. गावात कुणाला कुठे जायचं असलं की तुझ्या खिडकीखाली उभं राहून हाक मारायची, एवढंच. मला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं मी केलं.

पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी लायसन्ससाठी तपासणी असते. दोन हातांत दोन दांड्या धरायच्या, पडद्यावरचे दोन ठिपके दोन वाकड्या रस्त्यांवर ठेवायचे. बाहेर गेले की यंत्र कोकलतं. त्यात तू पटाईत होतीस, कान आणि बोटं पुरेशी होती. प्रश्न भिंतीवरच्या अक्षरांचा. आपल्या गावातल्या प्रत्येक म्हातारीला तो तक्ता पाठ होता हे कुणी पुस्तकात लिहिणार नाही, मी लिहिते. मासळीच्या दुकानात रांगेत उभं राहून बायका तो एकमेकींना जपमाळेसारखा म्हणून दाखवायच्या. पण तेवढ्यात तपासणीच्या डॉक्टरनं तक्ता बदलला. माझ्याकडे गाडी नाही, लायसन्स नाही, तरी मी "चष्म्याचा नंबर विचारायचाय" म्हणून आत गेले, पाचही ओळी टिपून आणल्या आणि तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुझ्याकडून घोटून घेतल्या. छत्तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेल्या मी.

तू पास झालीस. त्या आनंदात तू म्हणालीस, "किनाऱ्या-किनाऱ्यानं पार फिनिस्तेरच्या टोकापर्यंत जाऊ. रस्ता संपेपर्यंत." आणि मे महिन्यात आपण तिघी निघालो. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी नकाशा घेऊन, मागे विसी आणि तिच्या ऑम्लेटच्या पोळ्या, तिच्या मिरच्या, तिचा सॉसेज, तिचा क्रूस.

पहिला दिवस काय छान होता! कोमियासला थांबलो, सान व्हिसेंतेच्या पुलावर ओहोटीत चिखलात बसलेल्या बोटी बघून तू गाडीतूनच त्यांना शिव्या घातल्यास. तू एक खेळ काढलास. "विसी, पाट्या मोठ्यानं वाच गं. झोप लागते मला."

"यानेस, बारा किलोमीटर," विसी वाचायची. "पुढे गाय."

"गाय आहे का गाईचं चित्र आहे?"

"चित्र. थांब... गाय पण आहे."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. पोरी, दिसत नाहीये का तुला?"

"मी रस्ता बघतेय. तुझ्यासारखी गाई बघत बसले तर स्वर्गात पोचू."

आपण हसलो. मीसुद्धा हसले. पण शिक्षिकेचं डोकं एकदा मोजायला लागलं की थांबत नाही. तू पाट्या कधीच आपण होऊन वाचत नव्हतीस. समोरून ट्रक आला की तू काच खाली करायचीस. डोळे बारीक नाही, कान पुढे. आपल्या गावच्या रस्त्यांवर तुला काही लागत नव्हतं, लारेदो काय नि सांतांदेर काय, प्रत्येक खड्डा पाठ. इथे मात्र रस्ता नवा होता. आणि मी गप्प बसले, बाल्बिना. रिबादेसेयाला जेवताना मी बोलायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा भाताची खीर मागवली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलता ओर्तिगेराच्या बंदरात उतरलो. विसी मागे घोरत होती, म्हणजे पाट्या वाचायला कोणी नाही. मी नकाशा उलटा धरून "दीपगृह डावीकडे" म्हणत होते. समुद्रावर ऊन, खालचा दगड ओला, तो आणि डांबर एकाच रंगाचं. तू डावीकडे वळलीस. गाडी उताराला लागली. मला वाटलं, किती उतार हा! मग कोणीतरी गळा फाडून ओरडलं. तू ब्रेक दाबलास, आणि माझ्या पायाखाली पाण्याचा आवाज आला. बोटी पाण्यात ढकलायचा तो उतार होता. पुढची चाकं समुद्रात.

विसी जागी झाली, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "आलं का फिनिस्तेर?"

जाळं विणत बसलेला एक म्हातारा धावत आला, सेफेरीनो त्याचं नाव, मोठ्या कानांचा. त्यानं बोट ओढायच्या दोराचा आकडा गाडीच्या मागे अडकवला आणि मग खिडकीत वाकला. "बाई, बोटीचं लायसन्स वेगळं असतं."

तुझ्याशी असं कोणी बोललं की तू सोडायची नाहीस. मी उत्तराची वाट बघत होते. तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी. गाडी वर ओढून घेतली तरी तू ब्रेकवरचा पाय काढला नाहीस, सेफेरीनोनंच सांगितलं, "आता सोडा, बाई. जमिनीवर आहात."

धक्क्यावरच्या खानावळीत विसी संत झाल्यासारखी सफरचंदाची सायडर पीत बसली. मी तुला बाहेर भिंतीशी घेऊन गेले.

"किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस?"

"सोंग करू नकोस. मी विज्ञान शिकवलंय, धर्म नाही."

तू समुद्राकडे तोंड केलंस. "मधोमध डाग आहे. धुरासारखा. बाजूबाजूचं दिसतं. तुझं नाक दिसत नाही, कान दिसतात. तसा तोटा काही नाही."

"बाल्बिना!"

"दोन वर्षं. डॉक्टर म्हणाला ऑपरेशननं जाणारा नाही. मला वाटायचं, चालतंय की. काटा अजून निघतो माझ्या बोटांनी." मग तू मान थोडी तिरपी केलीस, माझा चेहरा कडेनं पकडायला बघत होतीस हे मला तेव्हा कळलं. "तुला ठाऊक होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. फेब्रुवारीत तुझ्या घरी तू कॉफी कपाच्या बाहेर ओतलीस आणि फडकं घेऊन गुणगुणत पुसलीस. मी पाहिलं होतं. त्याच आठवड्यात मी ती अक्षरं टिपून आणली.

"होतं," मी म्हणाले.

"मग तक्ता का दिलास?"

"कारण गाडी गेली की तू खिडकीत बसशील, आणि तुझ्या खिडकीखाली कोणी हाक मारणार नाही. आणि मी तिसऱ्या मजल्यावर, मला तर आधीच कोणी हाक मारत नाही. तुझ्यापेक्षा माझ्यासाठी दिला, मूर्ख."

आत विसी कोणाला तरी सांगत होती की आपण तिघी पोहणाऱ्या आहोत. मग तू पुटपुटलीस, "मागे विसी होती. अर्धा हात पुढे गेलो असतो तर." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा हात धरलास. तुझी बोटं खरखरीत, मिठानं कायमची कापलेली, आणि थंडगार. रडलीस नाही. माझ्या नाकातून पाणी आलं ते वाऱ्यामुळे.

पुढे फिनिस्तेरपर्यंत बसनं जाऊ, मी म्हणाले. "बसनं फिनिस्तेर? मेले तरी जाणार नाही." तो विषय तिथेच संपला. विसी म्हणाली, एखादा माणूस शोधू, गाडी घरापर्यंत चालवेल. तू तिच्याकडे असं बघितलंस की तिनं तोंडात मिरची कोंबली. मला वाटतं, तुझ्या जागेवर परका माणूस बसलेला तुला मागच्या सीटवरून बघायचा नव्हता. तू सेफेरीनोला हाक मारलीस आणि त्याच्या तळहातावर किल्ली ठेवलीस.

"तुमच्या छपराखाली राहू द्या. येतो आम्ही न्यायला."

"कधी?"

"जमेल तेव्हा."

"पावसात बाहेर नाही ठेवणार," तो म्हणाला. बाकी एक शब्द विचारला नाही. चांगला माणूस.

नाव्याच्या स्टेशनवरून आपण किनाऱ्याच्या त्या सावकाश आगगाडीनं परत निघालो. सबंध दिवस लागतो तिला. तुला खिडकी दिली. प्रत्येक बोगद्याआधी मी सांगत गेले: डावीकडे समुद्र, एक दगड, त्यावर बगळे, गवत कापलेलं नाही. तू म्हणालीस, "मास्तरीणबाई, धडा नको. भांडत जा म्हणजे वेळ जाईल." मग सांतोन्यापर्यंत आपण मासळीच्या भावावरून भांडलो. मध्येच तुझा उजवा हात मांडीशेजारी गिअर शोधत होता. मी तिथे माझी पर्स ठेवली. तू ती दोनदा दुसऱ्या गिअरमध्ये टाकलीस.

लायसन्स तू स्वतः जाऊन परत केलंस. कारण विचारलं तर म्हणालीस, "पोहता येत नाही म्हणून." बायकांनी हाक मारणं थांबवलं नाही, हे मला सांगायलाच हवं, कारण माझा अंदाज साफ चुकला. त्या खिडकीखाली येऊन उभ्या राहायच्या आणि आता त्याच तुला न्यायच्या: मासळी बाजारात, चर्चमध्ये, माझ्या तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. तू बोटांनी माझ्या भिंती चाचपत यायचीस आणि म्हणायचीस, "रंग देऊन घे, पोपडे निघालेत." मी देत नसे, म्हणजे तू परत तेच म्हणायला येशील.

सेफेरीनो दर नाताळला फोन करायचा. गाडी ठीक आहे. मांजरीनं मागच्या सीटवर पिल्लं घातली, आता जागा रिकामी झाली. टायर बसले. आपण दरवेळी ठरवायचो: मे महिन्यात, तू आणि मी, सावकाश आगगाडीनं जायचं, परत येताना गाडी चालवायला माझी भाची येईल, तू तिच्या शेजारी बसून तिला शिव्या घालशील. एका मे महिन्यात माझा खुबा मोडला. एका वर्षी विसीला पुरलं. एका वर्षी कोणालाच घराबाहेर पडू देत नव्हते. शेवटच्या खेपेला तिकिटं काढायला मीच टाळाटाळ केली, पाऊस आहे म्हणून. आपल्या किनाऱ्यावर पाऊस कधी नसतो?

गाडी आणायला आपण गेलो नाही.