मामाने दिलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात वस्तू मरत नाहीत, मावशीकडे जातात. मामाचा रात्रंदिवस गुरगुरणारा फ्रीज, माझ्या आईची चाक तुटलेली बॅग, सगळं तिच्या दोन खोल्यांत. लग्न न केलेल्या बाईला नवं काही लागत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत आहे.

वकिलाचं ऑफिस बंद झालं आणि तिची टायपिंगची नोकरी गेली, तेव्हा मामाने जुना कॉम्प्युटर आणून दिला. "सगळं पुसून दिलंय. आता तुझं तू बघ," म्हणाला. एक भाषांतर संस्था तिला घरबसल्या टायपिंगचं काम देणार होती. सोमवारी दुपारपर्यंत नमुन्याची पानं पाठवायची, पसंत पडली तर काम कायमचं. मावशी हरखून गेली होती.

कॉम्प्युटर चालवायला विंडोजऐवजी लिनक्स फुकट मिळतं, म्हणून तिनं तेच टाकायचं ठरवलं. वाचून वाचून पेनड्राइव्ह तयार केला. इन्स्टॉलेशन अर्ध्यावर यायचं आणि स्क्रीन काळी व्हायची. तिनं पेनड्राइव्ह बदलला, वायरी काढून पुन्हा लावल्या, सगळं पहिल्यापासून केलं. तरी तेच. शेवटी मामाला फोन लावला.

"माझ्याकडे तर पळत होता," तो हसला. "नाचता येईना अंगण वाकडं!"

मी गावाला गेले होते, मंगळवारी आले. कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत सगळीकडे धुळीचा थर. मेमरीच्या दोन खाचा शेजारी शेजारी. एकीत पट्टी, दुसरी रिकामी आणि लख्ख. तिच्यातली पट्टी कोणीतरी नुकतीच काढली होती, आणि अर्ध्या मेमरीवर हे लिनक्स चढणं शक्यच नव्हतं.

मामाला विचारलं, तर म्हणाला, "अगं, ती होय! लेकाच्या गेमसाठी काढून घेतली. हिला काय, चार अक्षरं तर बडवायचीत."

"मग सांगायचं तरी, मामा!"

"त्यात सांगायचं काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीनं हातातून फोन काढून घेतला. "जाऊ दे गं. त्याला वाईट वाटेल."

मी जुन्या मशीनला झेपणारं हलकं लिनक्स टाकलं. ते निमूटपणे बसलं. "त्या लोकांना फोन कर," मी म्हणाले, "मशीन बिघडलं होतं म्हणून सांग. एका दिवसाने काय होतंय?"

"मी रविवारीच कळवलं त्यांना."

"काय कळवलंस?"

"मला हे जमत नाही, असं." ती कीबोर्डवरून फडकं फिरवत राहिली. "मला खरंच तसं वाटलं होतं गं."

पुढच्या आठवड्यात मामा जुना प्रिंटर घेऊन आला. "हा तरी नीट वापर," म्हणाला. मावशीनं त्याला बसायला खुर्ची दिली आणि प्रिंटर कुठे मावेल ते बघायला लागली.