सावली शोधा

कियो-सानच्या कारखान्यात पाऊल टाकलं की ती आधी नमस्कार करायची नाही. जमिनीकडे बोट करून ओरडायची, "सावली शोधा!" मग आलेली माणसं वाकून आपापल्या पायांभोवती बघत फिरायची, चप्पल हरवल्यासारखी. सावली कुणालाच सापडायची नाही.

मी वाकलो नाही. इचलकरंजीत माग चालवून म्हातारा झालेला मी, सावल्या शोधायला जपानला कशाला येऊ? मी मान वर करून छप्पर बघितलं. करवतीच्या दातांसारखं, एकामागं एक चढलेलं. प्रत्येक दाताची एक बाजू कौलांची, दुसरी काचेची, आणि काचा सगळ्या उत्तरेला. ऊन आत येतच नव्हतं. नुसता उजेड येत होता, सगळीकडून सारखा, दुधासारखा. मी सुनेला, केतकीला, म्हणालो, "साडीचा खरा रंग बघायला आपण दुकानाच्या दारात जातो ना? हा अख्खा कारखानाच दारात उभा आहे बघ." केतकीनं ते जपानीत सांगितलं. कियो-साननं माझा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

मुलगा टोकियोतल्या निशी-कसाईला राहतो. तिथल्या फ्लॅटमध्ये चुकीच्या पिशवीत कचरा टाकण्यापलीकडं मला काही उद्योग नव्हता, म्हणून केतकीनं ट्रेननं दोन तासांवरच्या या विणकरांच्या गावात आणलं होतं. मग मी हट्टच धरला, सुट्टी आली की तिथं. गावभर असे जुने कारखाने. एकात आता बेकरी, एकात केस कापायचं दुकान. कियो-सान सगळ्यांचा इतिहास सांगत फिरायची. "या विटा इथंच का गुळगुळीत? कामाची पाळी सुटली की आम्ही पोरी इथं पाठ टेकायचो." हातमागाच्या कांडीएवढी बाई, ऐंशी कधीच ओलांडलेली, पण मला 'आजोबा-सान' म्हणायची. मागांच्या खडखडाटानं तिचे कान गेलेले, माझेही अर्धे. आमचं बोलणं सुरू झालं की केतकी म्हणायची, "बाबा, हळू. लोकांना भांडण वाटतंय."

मागावर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, हातानंच बोलावं लागतं. बोटावर बोट घासलं की धागा तुटला, हे तिचं आणि माझं एकच निघालं. मला वाटलं, जिंकलो! म्हणून चहा हवा असं सांगायला मी आमच्याकडची खूण केली, अंगठा ओठाजवळ नेला. तशी कियो-सान दचकून उठली, तोंडातली गोळी गिळली आणि पदर सारखा करावा तसा झगा सारखा करून उभी राहिली. त्यांच्याकडं त्या खुणेचा अर्थ होता, 'मालक आला!' कळल्यावर ती पोट धरून हसली. तेव्हापासून चहाला आमचा एकच शब्द, मालक.

खरा मालक मात्र तिचा पुतण्या, हिरोशी. सासऱ्याचा कारखाना दिराकडं आणि दिराकडून त्याच्याकडं आलेला. तो टोकियोत बसून ऑनलाइन कापड विकायचा. त्याला कारखाना पाडून इथं गाड्या लावायची जागा करायची होती. पाडणाऱ्याला घेऊन येतो, असा त्याचा निरोप आला. कियो-साननं आरडाओरडा केला नाही. केतकीला म्हणाली, "त्याच दिवशी तुझ्या मैत्रिणी घेऊन ये. डोळे फसतील अशा रंगांच्या साड्या आणा."

बायका आल्या. काळी चंद्रकळा, गर्द निळी, जांभळी, वाइन रंगाची अशा साड्या बंद मागांवर पसरल्या. हिरोशी सूट-टाय घालून आला, मागं मोजायची टेप घेतलेला पाडणारा माणूस.

"सावली शोध. सापडली तर आत्ता पाड," कियो-सान म्हणाली.

तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, रिकामा परत आला. हसून म्हणाला, "काकू, सावली पडत नाही म्हणून कुणी इमारत ठेवतं का?"

ती नुसती त्याच्या टायकडं बघत राहिली. मग टायला धरून त्याला ओढत नेलं आणि टाय निळ्या साडीवर ठेवला. वेगळा. चंद्रकळेवर ठेवला. दिसेनासाच झाला.

जपानात काळा टाय फक्त मयताला घालतात.

"कुणाच्या मयताला आलास?" तिचा आवाज छपराला लागला. "कारखाना तर अजून उभा आहे!"

टेप घेतलेला माणूस पहिल्यांदा हसला. हिरोशी लाल झाला. "घरच्या दिव्यात निळा वाटला, काकू."

"तुझी गिऱ्हाइकंही हेच म्हणतात ना? फोटोत निळं होतं, घरी आल्यावर काळं. म्हणून माल परत येतो ना तुझा?"

हिरोशीनं टाय सोडून खिशात घातला. मग फोन काढून चंद्रकळेचा फोटो घेतला, निळीचा घेतला, आणि स्क्रीन साडीशेजारी धरून दोन्हींचे रंग तंतोतंत जुळताना कितीतरी वेळ बघत बसला. शेवटी पाडणाऱ्याला वाकून म्हणाला, "माफ करा, तुम्हाला उगाच बोलावलं." तो टेपवाला बाहेर पडला तशा आमच्या बायकांनी टाळ्यांनी कारखाना दणाणून सोडला. एवढा आवाज तिथं माग थांबल्यापासून झाला नसेल.

आता हिरोशीचं सगळं कापड तिथंच फोटोला येतं. चावी कियो-सानच्या गळ्यात असते आणि फोटोवाल्या पोरांनाही आधी सावली शोधावी लागते.

मी इचलकरंजीला परत निघालो तेव्हा ती गावच्या स्टेशनवर आली. ट्रेनची दारं मिटली. काचेपलीकडचं आम्हा दोन बहिऱ्यांना काय ऐकू येणार? मी अंगठा ओठाजवळ नेला. म्हणायचं होतं, पुन्हा येईन, चहा ठेव.

तिनं झगा सारखा केला नाही. ताठ उभी राहिली, गळ्यातली चावी वर धरली आणि बोटानं स्वतःच्या छातीवर दोनदा ठोकलं.

मालक आली होती.