कुंकवाच्या रंगाच्या रेघा

काळ्या रेघा शुभ नसतात, हा शोध माझाच. बायकोने घरी कुटलेला काळा मसाला पहिल्यांदाच मलकापूरच्या एका मोठ्या दुकानात जाणार होता. लेबलं छापून आणायचं काम माझ्याकडे. मी बारकोड छान कुंकवासारखा लाल छापून आणला.

"दुकानदारानं काळा सांगतला होता न?" बायको म्हणाली.

"त्याले काय समजते!"

दुकानदाराने यंत्र पाकिटासमोर धरलं. गप्प. दुसरं पाकीट, तेही गप्प. मी रुमालाने पुसून पाहिलं, फुंकरही मारली. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. आजवर ओळखीपाळखीत वाटलेला तिचा मसाला फळीवर लागणार की पिशवीतून परत येणार, हे यंत्राच्या एका 'टुंग'वर होतं.

"काऊन लाल केल्या हो भाऊ रेघा?" दुकानदार हसायला लागला. "हे यंत्र लाल उजेड टाकते. पांढरा कागद तो परत फेकते, काळी रेघ गिळून टाकते, म्हणून त्याले वाचता येते. तुमची लाल रेघबी उजेड परतच फेकते. यंत्रासाठी कागद कोरा!"

"अन् भाव?" मला वाटायचं, भाव त्या रेघांतच कोंबलेला असतो.

"रेघांत नुसता नंबर राह्यते. नाव, भाव, उरलेला माल, सारं कॉम्प्युटरात. भाव बदलला तं तिथंच बदलतो, पाकिटाले हात लावा लागत नाही. पाकीट विकलं का तिथं एक कमी होते. हे वाचलंच नाही तं मी आकडे मारत बसू, का गिऱ्हाईक पाहू? वहिनी, काळं करून आणा, मंग ठेवतो."

परतताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर पाहत होती. मी विचार करत होतो. पाकिटातला मसाला काळाकुट्ट, तो मला कधी अशुभ वाटला नव्हता. आणि वाचायचं म्हटलं की पांढऱ्याशेजारी काळं लागतंच, जसा होकाराशेजारी एखादा नकार. घरात नुसता होकार ऐकायची सवय झालेल्या माणसाच्या हे जरा उशिरा ध्यानात येतं.

लालवर काळी लेबलं चिकटवून आम्ही पुन्हा गेलो. 'टुंग' वाजलं आणि बायकोने पदर सोडला.

काही दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. "वहिनी, तुमचा मसाला संपत आला दाखवून राह्यला कॉम्प्युटर. अजून पाठवा."

"पाह्य," मी कौतुकाने म्हणालो, "फळीकडं न पाहता समजलं त्याले!"

बायको मिरच्यांची देठं खुडत होती. "हाव. अन् तुमाले डबा उघडून पाह्यला तरी घरातलं मीठ संपलेलं समजत नाही."