शेरूला घरचंच जेवण का सोसेना?

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारते.

आमचा जर्मन शेफर्ड शेरू बरेच दिवस जुलाबानं हैराण आहे. जंताचं औषध झालं, अँटिबायोटिक झाली, तरी फरक नाही. बरगड्या दिसायला लागल्यात. आज बाबा आणि मी त्याला रिक्षानं थळहून अलिबागच्या डॉक्टरांकडे नेलं.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "आतड्याला सूज आहे. या जातीत आतड्याची प्रतिकारशक्ती बरेचदा कमजोर असते."

"मग ती वाढवायचं औषध द्या ना," मी म्हणाले.

"उलट, शांत करायचं देतेय. ती रोजच्या अन्नालाच शत्रू समजून लढतेय."

कमजोरही आहे आणि लढतेही आहे? मी मान डोलावली, पण कळलं काहीच नाही.

मग त्यांनी विचारलं, "यानं आजवर कधीच खाल्लं नाही, असं काय आहे? ज्याच्याशी लढायला शरीर अजून शिकलं नाही, तेच देऊन बघू."

बाबा म्हणाले, "तसं काय न्हाय. मासळी, कोंबडी, अंडी, घरात शिजलं ते सगळं मीच भरवलंय. माझ्यामुळं झालं का?"

डॉक्टर नाही म्हणाल्या. बाबांना ते पटलेलं दिसत नाही.

शेवटी डॉक्टरांनी शरीराला ओळखू येऊ नये असं बनवलेलं खास खाणं दिलं; दुपारी शेरूनं ते नुसतं हुंगलं. बाबांनी ते हातावर घेतलं, तेव्हा थोडं खाल्लं.

बाबा अजून विचारतायत, इतकी वर्षं अंगी लागलेलं अन्न आता का सोसत नाही? तुमच्याकडे कुणाला हे झालंय का? घरच्यांना कसं समजावलंत?