आठ तोंडांचं यंत्र

लोकांच्या बैठकीत शोकेस असते, आमच्या बैठकीत कन्व्हर्टर होता. दोन हजार सालानंतर नागपूरचा एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला, तिथून मी तो आणला. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारा, काळा, चपटा, मागच्या बाजूला आठ तोंडं. गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची वस्तू घरी गाणी ऐकायला कशाला, असं वर्ध्यात जो भेटला त्यानं विचारलं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, लग्न केलं नव्हतं आणि थोरल्या भावाच्या घरी राहत होते. या तिन्ही गोष्टींबद्दल लोक तसंही विचारतच असत, त्यात ही चौथी.

कारण साधं होतं. बाजारच्या स्पीकरच्या खोक्यात एकच आवाज जातो आणि आतलं सर्किट त्याची जाड-बारीक अशी वाटणी करतं. ती वाटणी मला पटेना. मी ते सर्किटच काढून टाकलं आणि काम कॉम्प्युटरकडे सोपवलं. कन्व्हर्टरच्या आठ तोंडांतून आठ वेगळे आवाज निघायचे आणि आपापल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आठ स्पीकरना जायचे. एकेका बाजूला चार, अगदी बारीक आवाजापासून जमीन हलवणाऱ्या घुमाऱ्यापर्यंत. स्टुडिओचं यंत्र घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही एवढ्या जोरात बोलतं, म्हणून प्रत्येक तारेच्या पिनेत जोर कमी करणारा रेझिस्टर जोडून त्याला खाली आणलं. कित्येक रविवार त्यात गेले.

दादाचं कापडाचं दुकान होतं. घरी आला की तो तारा ओलांडत कपाळाला आठ्या घालायचा.

"काय वं हे? बैठक हाय का टेलिफोन एक्स्चेंज? दसऱ्याले लोक सोनं द्याले येतीन. तवापर्यंत वाजलं तं ठीक, नाई तं उचलजो इथून."

"वाजन," मी म्हटलं. "आन मी उचलणार बी नाई."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी वाजलं. तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू आली. वहिनी कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. "हे बाई तं आपल्या घरात बसून गाऊन राह्यली," ती म्हणाली. दादा तेव्हा दुकानात होता आणि त्यानंतरही त्याला ऐकायला सवड झाली नाही.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. दुकानातली कात्री, मीटरपट्टी, दादाची स्कूटर. माझं हत्यार हेच, मग ते का सुटावं? सकाळी मी सगळ्या तारा काढल्या, यंत्र पुसून पाटावर ठेवलं. वहिनीनं कुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. दादानं कात्रीवर अक्षता टाकल्या, स्कूटरवर टाकल्या, यंत्रावर टाकल्या नाहीत. मला ते झोंबलं आणि त्याच तणतणीत मी तारा परत लावल्या. यंत्र भिंतीशी, मी समोरून वाकून चाचपत होते. मागची तोंडं समोरून मोजली की क्रम उलटा होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पहिल्या तोंडाची तार आठव्यात गेली आणि बाकीच्याही तशाच उलट्या लागल्या.

संध्याकाळी बैठक भरली होती, लोकांच्या हातात आपट्याची पानं. मी गाणं लावलं. सगळा घुमारा बारीक आवाजाच्या दोन स्पीकरांत शिरला. टक् टक् झालं आणि जळका वास सुटला.

दादा पाहुण्यांसमोर हसला. "झालं समाधान? उद्या भंगारवाल्याले देजो."

"चूक माही हाय, यंत्राची नाई," मी म्हटलं. "स्पीकर नवे आणीन. यंत्र हलणार नाई."

"घर माह्यं हाय," दादा म्हणाला.

त्यानं आवाजही चढवला नाही. पाहुणे हातातल्या पानांकडे बघत राहिले. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो दादापेक्षा माझाच जास्त आला. चाळिशीला टेकलेली, स्वतः कमावणारी बाई मी, एका कोपऱ्यासाठी भांडत होते. तो कोपरा मला वापरायला दिलेला होता, माझा कधी नव्हताच. दुसऱ्या दिवसापासून मी खोल्या बघायला लागले.

दिवाळीच्या आधी दोन खोल्या मिळाल्या. एकटी बाई राहणार म्हणून घरमालकिणीनं हजार प्रश्न विचारले, मी एकाचंही गोड उत्तर दिलं नाही. सामान नेताना वहिनी यंत्र मांडीवर घेऊन ऑटोत बसली. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. बघू देत म्हटलं.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं तरी उठेना. मग स्पीकरकडे हात करून म्हणाला, "वाजव."

मी नवे बारीक स्पीकर बसवले होते. दादानं पूर्ण गाणं ऐकलं.

"चाल घरी," तो म्हणाला. "बैठकीतला कोपरा खाली करून ठेवला तुह्यासाठी."

"घर हेच हाय माह्यं, दादा. जेवाले बस."

दादा उठला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि हात कुठं धुवायचे, ते मला विचारलं.